छत्तीसगडच्या उदास सुरांचा श्रोता : व्हेरियर एल्विन

दिवाळीचे दिवस जवळ आले, की रायपूर आणि आसपासच्या गावांमध्ये स्त्रियांचे लहान लहान गट दारोदार फिरू लागतात. एकीच्या डोक्यावर बांबूची टोपली असते. टोपलीत भात आणि त्यावर मातीचा किंवा लाकडाचा पोपट ठेवलेला असतो. टोपली अंगणात ठेवून स्त्रिया तिच्याभोवती वर्तुळ करतात आणि वाकून, टाळ्यांच्या ठेक्यावर गाऊ लागतात. निम्म्या जणी एक ओळ म्हणतात, उरलेल्या ती उचलून पुढे नेतात. ढोल नाही, बासरी नाही. स्वरांचा विस्तारही फारसा नाही. त्याच त्या चार-पाच स्वरांत फिरणारी ही चाल ऐकणाऱ्याच्या मनात बराच काळ रेंगाळत राहते.

या गीतांना सुवा गीत म्हणतात. सुवा म्हणजे पोपट. सासरी एकटी पडलेली स्त्री या पोपटाला निरोप्या करते आणि आपले दुःख त्याच्याजवळ सांगते. माहेर दूर आहे, नवरा परगावी गेला आहे, घरात आपले म्हणावे असे कोणी नाही, असा या गीतांचा आशय असतो. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या मराठी माणसाला तो परका वाटणार नाही.

छत्तीसगडमधील अशा गीतांना जगाच्या वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे काम एका इंग्रज माणसाने केले. धर्मप्रचारकांच्या घरात जन्मलेले, गांधीजींच्या प्रभावाखाली आलेले, आदिवासींमध्ये राहिलेले आणि अखेरीस भारताचे नागरिक झालेले हे गृहस्थ म्हणजे डॉ. व्हेरियर एल्विन. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. मात्र त्यांच्या आयुष्याला खरे वळण दिले ते गाण्यांनी.

ऑक्सफर्डहून पुण्याकडे

व्हेरियर एल्विन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. त्यांचे वडील पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन येथे बिशप होते. १९०९ साली वडिलांचे निधन झाले आणि आईने मुलांना कडक धार्मिक शिस्तीत वाढविले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात एल्विन यांनी प्रथम इंग्रजी साहित्याचा आणि नंतर धर्मशास्त्राचा अभ्यास केला. दोन्ही विषयांत त्यांना प्रथम वर्ग मिळाला. वर्ड्‌स्वर्थ हा त्यांचा आवडता कवी. कवितेची ही गोडी पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

१९२७ साली ते भारतात आले. जॅक विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्यांनी प्रवेश घेतला. भारतीय पद्धतीने राहून ख्रिस्ती जीवन जगावे, असा या संघाचा विचार होता. पुण्याच्या वास्तव्यात त्यांनी भारतीय संतपरंपरेचा अभ्यास केला. १९२८ साली ते साबरमतीच्या आश्रमात गेले आणि गांधीजींच्या व्यक्तिमत्त्वाने भारावून गेले. राज्यकर्त्यांच्या देशातून आलेला हा तरुण पाद्री उघडपणे स्वातंत्र्य चळवळीची बाजू घेऊ लागला.

याच काळात त्यांना आयुष्यभराचा साथीदार लाभला. मराठी ख्रिस्ती कुटुंबातील शामराव हिवाळे हे ते साथीदार होत. एल्विन यांच्या कार्याचा उल्लेख होतो तेव्हा शामरावांचे नाव बहुधा मागे राहते. वास्तविक, लोकगीतांचे पहिले दोन संग्रह या दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले आहेत.

मैकल पर्वतातील वस्ती

१९३१ साली एल्विन यांनी ख्रिस्त सेवा संघ सोडला. गोंडांमध्ये जाऊन काम करावे, ही सूचना त्यांना जमनालाल बजाज यांच्याकडून मिळाली. १९३२ च्या जानेवारीत एल्विन आणि शामराव मैकल पर्वतरांगेतील करंजिया या गावी पोहोचले. नर्मदेचा उगम असलेले अमरकंटक तेथून जवळ आहे. हे गाव त्या वेळी मध्य प्रांताच्या मंडला जिल्ह्यात होते, आज ते मध्य प्रदेशच्या दिंडोरी जिल्ह्यात आहे. मैकलच्या पूर्वेकडील उतारावरून खाली आले, की छत्तीसगडचा भाताचा मैदानी प्रदेश सुरू होतो. रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे त्या काळी छत्तीसगडचे तीन ब्रिटिश जिल्हे होते आणि त्यांच्या अवतीभोवती लहानमोठी संस्थाने होती. डोंगर आणि मैदान यांच्यात माणसांची ये-जा होती, तशीच ती गाण्यांचीही होती.

या दोघांनी तेथे गोंड सेवा मंडळ स्थापन केले. शाळा, दवाखाना आणि कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान अशी कामे सुरू झाली. मात्र एल्विन यांची परीक्षा लवकरच सुरू झाली. राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिल्यामुळे नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मोपदेशकाचा परवाना दिला नाही. १९३२ मध्ये ते इंग्लंडला गेले असता, राजकारणात भाग घेणार नाही असे लिहून दिल्यावरच सरकारने त्यांना परत येऊ दिले. पुढे १९३५ साली त्यांनी चर्चशी असलेला संबंध स्वतःहून तोडला.

गांधीजींच्या मार्गापासूनही ते हळूहळू दूर गेले. गांधीजींविषयीचा आदर कायम राहिला. मात्र दारूबंदी, ब्रह्मचर्य आणि चरखा यांचा आग्रह गोंड आणि बैगा यांच्या जीवनाशी जुळत नाही, असे त्यांचे मत बनत गेले. मोहाच्या फुलांची दारू आणि रात्रभर चालणारे नृत्य या गोष्टी ज्यांच्या प्रत्येक सणात आहेत, त्यांना या गोष्टींची लाज वाटायला लावणे त्यांना अन्यायाचे वाटू लागले. शिकवायला आलेला माणूस अशा रीतीने ऐकायला बसला.

गाण्यांचा शोध

संध्याकाळी कामे आटोपल्यावर गावात गाणे सुरू होई. पावसाळा सरत आला, की करमाचे दिवस येत. करम वृक्षाची फांदी अंगणात रोवून मांदर या मोठ्या ढोलाच्या तालावर स्त्रिया आणि पुरुष रांगा करून नाचत. एक छोटेसे पद थोड्या थोड्या फरकाने पहाटेपर्यंत फिरत राही. दिवसा रानात मोहाची फुले वेचताना किंवा शेतात निंदणी करताना ददरिया ऐकू येई.

ददरिया म्हणजे दोन ओळींचे गाणे. पहिल्या ओळीत बहुधा रानातील, शेतातील किंवा घरातील एखादी साधी गोष्ट असते आणि दुसऱ्या ओळीत मनातील गोष्ट येते. दोन ओळींचा अर्थाने थेट संबंध असतोच असे नाही. यमकाचा धागा मात्र त्यांना बांधून ठेवतो. एकाने गायचे आणि दूर कोठून तरी दुसऱ्याने उत्तर द्यायचे, अशी ही रीत आहे. रानात गाणारा दिसत नाही, केवळ त्याचा लांबवलेला आवाज येतो. प्रेमाची, रुसव्याची आणि विरहाची ही गाणी अंतरावरून ऐकताना अधिकच हुरहूर लावतात.

प्रधान या जमातीची मदत एल्विन आणि शामराव यांना विशेष झाली. प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक. बाना हे तीन तारांचे, गजाने वाजविण्याचे वाद्य घेऊन ते यजमानांच्या घरी जातात आणि त्यांच्या पूर्वजांच्या कथा गातात. शामरावांनी प्रधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो १९४६ साली प्रसिद्ध झाला. लोकांच्या घरात सहज वावरणारे आणि त्यांच्या भांडणतंट्यांत सल्ला देणारे शामराव नसते, तर एल्विन यांच्या वहीत इतकी गाणी आली नसती, असे म्हणावे लागेल.

या श्रमांचे पहिले फळ म्हणजे गोंड कवितेचा १९३५ साली लंडनहून निघालेला संग्रह. १९४४ साली मैकल पर्वतातील लोकगीतांचा संग्रह आला. हे दोन्ही ग्रंथ एल्विन आणि शामराव यांनी मिळून केले. त्यानंतर १९४६ साली एल्विन यांचा छत्तीसगडच्या लोकगीतांचा मोठा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. उराँव कवितेचे अभ्यासक डब्ल्यू. जी. आर्चर यांचे विवेचन त्यास जोडलेले आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रसंगांची गाणी त्यात आहेत. ददरिया आणि करमा आहेत. लोरिक आणि चंदा यांच्या प्रेमाची, छत्तीसगडात चंदैनी म्हणून गायली जाणारी दीर्घ कथाही त्यात आहे.

अनुवादाची पद्धत

त्या काळी लोकगीतांचे इंग्रजी अनुवाद पुष्कळदा यमके जुळवून, शोभेचे शब्द घालून केले जात. एल्विन यांनी हा मार्ग टाळला. चिनी कवितेचे अनुवादक आर्थर वेली यांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. मूळ गाण्यातील प्रतिमा आहे तशी ठेवावी, तिच्यात भर घालू नये आणि यमकासाठी अर्थ वाकवू नये, ही ती पद्धत होती. त्यामुळे त्यांचे अनुवाद आजही जुने वाटत नाहीत. विझत आलेली चूल, रिकामी घागर किंवा सुकलेले तळे एवढ्यावरूनच गाणारीचे मन कळते.

ही गाणी इतकी उदास का, याचे उत्तर छत्तीसगडच्या इतिहासात सापडते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांतील दुष्काळांनी हा प्रदेश होरपळून निघाला. हजारो माणसे आसामच्या चहाच्या मळ्यांकडे गेली आणि त्यांतील अनेक जण परतले नाहीत. डोंगरातील बैगांची बेवर, म्हणजे फिरती शेती, जंगल खात्याने मोडीत काढली आणि १८९० च्या सुमारास त्यांना एका ठरावीक पट्ट्यात बंदिस्त केले. नवरा गेला, भाऊ गेला, रान गेले, अशा मागे राहिलेल्या स्त्रियांच्या गळ्यात हे सूर रुजले. जंगल गेले की गाणेही जाते, हे एल्विन यांनी आपल्या लेखनातून सातत्याने मांडले.

या मतावरून मोठा वाद झाला. आदिवासींना इतरांपासून वेगळे ठेवून त्यांचे जणू संग्रहालय करण्याचा हा प्रयत्न आहे, अशी टीका त्यांच्यावर झाली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली ग्रंथ लिहून या विचाराचा प्रतिवाद केला. आदिवासी हे व्यापक हिंदू समाजाचेच घटक आहेत, अशी त्यांची भूमिका होती. ठक्कर बाप्पांसारख्या ज्येष्ठ सेवकांनाही एल्विन यांचे म्हणणे पटले नाही. पुढे एल्विन यांनी आपल्या भूमिकेला मुरड घातली. मात्र बाहेरून आलेल्या सुधारकाने माणसाला त्याच्या गाण्याची लाज वाटू देऊ नये, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

कोसी

एल्विन यांचे चरित्र सांगताना एका व्यक्तीला टाळून पुढे जाता येत नाही. १९४० साली त्यांनी कोसी या राजगोंड तरुणीशी विवाह केला. ती त्यांच्या शाळेत शिकलेली होती आणि वयाने त्यांच्याहून कितीतरी लहान होती. विवाहानंतर ती त्यांच्याबरोबर बस्तरला गेली. रायपूरहून धमतरी आणि कांकेरमार्गे जगदलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यापलीकडचे हे मोठे संस्थान. तेथे एल्विन यांनी मुरिया लोकांच्या घोटुलाचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

हा संसार मात्र टिकला नाही. १९४९ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात घटस्फोट झाला. कोसी आपल्या भागात परतली आणि पुढे दीर्घकाळ दिंडोरी जिल्ह्यातील रैतवार गावी राहिली. एल्विन यांनी सविस्तर आत्मचरित्र लिहिले, पण या विवाहाला त्यात मोजक्याच ओळी आहेत.

ही गोष्ट त्यांच्या कार्याकडे पाहताना विसरता येणार नाही. छत्तीसगडच्या गीतांतील टाकलेल्या, एकट्या पडलेल्या स्त्रीचे दुःख त्यांनी इतक्या हळुवारपणे इंग्रजीत नेले. त्यांच्या स्वतःच्या घरातील स्त्रीची बाजू मात्र कोणत्याही ग्रंथात आली नाही. गाणे ऐकणे आणि गाणारीला ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या ग्रंथांचे मोल त्यामुळे कमी होत नाही, पण ते ग्रंथ वाचताना आपण अधिक सावध होतो.

ईशान्येकडे प्रस्थान

१९५३ साली एल्विन यांनी पाटनगढ येथील प्रधान जमातीतील लीला यांच्याशी विवाह केला आणि ते शिलाँगला राहावयास गेले. १९५४ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व स्वीकारले. त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून त्यांची नियुक्ती झाली. पंतप्रधान पंडित नेहरूंचा त्यांच्यावर विश्वास होता. या प्रदेशाच्या प्रशासनाची दिशा सांगणारे त्यांचे पुस्तक १९५७ साली आले. विकास व्हावा, पण तो लोकांच्या स्वभावानुसार आणि त्यांच्या कलेचा मान राखून व्हावा, हा त्याचा गाभा होय. मैकलच्या गाण्यांनी जे शिकविले, तेच त्यांनी सीमेवरच्या अधिकाऱ्यांना सांगितले.

१९६१ साली त्यांना पद्मभूषण देण्यात आला. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्ली येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले आणि त्यास १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

शब्द राहिले, आवाजाचे काय?

एल्विन यांच्या संग्रहांत गाणी आहेत ती मुख्यतः इंग्रजी शब्दांच्या रूपात. वाचकाला अर्थ मिळतो, प्रतिमा मिळते. पण ओळीच्या शेवटी हळूच खाली उतरणारा स्वर किंवा दोन गटांच्या गाण्यातील तो क्षणभराचा विराम कागदावर येत नाही. सुरांचा विचार त्या काळात कोणी केलाच नाही, असे मात्र नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर १९३७ पासून पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले आणि आकाशवाणीच्या संकेतधूनशी ज्यांचे नाव जोडले जाते, ते वॉल्टर काउफमान यांनी गोंड आणि बैगा गीतांच्या संगीतावर १९४१ साली अभ्यासलेख लिहिला होता. नाझींच्या छळाच्या काळात मध्य युरोपातून भारतात आलेला हा ज्यू संगीतकार मैकलच्या सुरांकडे ओढला गेला, हे उल्लेखनीय आहे.

महाराष्ट्रातही लोकगीतांचा प्रवास याच दोन टप्प्यांनी झाला. १९४० च्या सुमारास साने गुरुजींनी ओव्या गोळा करून स्त्रीजीवन हा संग्रह सिद्ध केला. तेथे ओव्यांचे शब्द आले. त्यानंतर कित्येक दशकांनी पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रणही झाले. ओवी म्हणणाऱ्या स्त्रीचे नाव आणि गाव नोंदविण्याचा कटाक्ष त्यांनी ठेवला. गाणाऱ्या स्त्रीला तिच्या नावाने ओळखण्याचा हा मार्ग एल्विन यांच्या पिढीच्या पुढचा आहे.

छत्तीसगडमध्ये आवाज जपण्याचे काम पुढे अनेकांनी केले. रायपूर येथे २ ऑक्टोबर १९६३ रोजी आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि तेथून छत्तीसगडी गाणी घरोघर ऐकू येऊ लागली. १९७१ साली दाऊ रामचंद्र देशमुख यांनी चंदैनी गोंदा ही संस्था उभी करून लोकगीते मोठ्या रंगमंचावर आणली. मूळचे रायपूरचे असलेले नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी गावातील कलावंतांनाच रंगभूमीवर आणले. त्यांचे चरणदास चोर हे १९७५ चे नाटक त्यातील गाण्यांसह देशविदेशांत पोहोचले. अमेरिकन अभ्यासक जॉइस फ्लुकिगर यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात सुवा, ददरिया आणि चंदैनी यांचा पुन्हा शोध घेतला. एल्विन यांची चंदैनी त्यांना तुलनेसाठी उपयोगी पडली.

पाटनगढलाही नवी ओळख मिळाली आहे. तेथील प्रधान कुटुंबातील जनगढ सिंह श्याम यांनी पूर्वजांच्या गाण्यांतील देव, झाडे आणि प्राणी रंगांत उतरविले. ही चित्रशैली आज गोंड चित्रकला म्हणून जगात ओळखली जाते. बान्याच्या तारांवर जे गायले जात होते, ते अशा रीतीने भिंतीवर आणि कागदावर आले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनली. शहर झपाट्याने वाढले. तरीही दिवाळीच्या आधी सुवा घेऊन स्त्रिया येतात, अंगणात टोपली ठेवतात आणि गातात. घरची मंडळी त्यांना भात किंवा पैसे देतात, आणि गट पुढच्या दाराकडे वळतो. एल्विन यांचा ग्रंथ हाती असेल, तर त्या शब्दांचा अर्थ समजायला मदत होईल. पण त्या गाण्याचा सूर अजूनही त्या स्त्रियांपाशीच आहे, आणि तो ऐकण्यासाठी त्या अंगणात काही वेळ थांबावे लागते.